भेरूघाटाला केळीचा माल: अडीच लिटरचं इंजिन की दीड लिटरचा टर्बो?

मधुमिलनवाला
दीड-दोन टनी पिकअपमध्ये सध्या दोन पंथ आहेत. एकीकडे महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं 2523 सीसी, 200 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ (दोन टनी मॅक्सला 220), आणि टाटा योद्धाचं 2179 सीसी, 100 एचपी, 250 न्यूटन-मीटर. दुसरीकडे टाटाच्या इंट्रा व्ही50 चं 1496 सीसी, 80 एचपी, 220, आणि अशोक लेलँडच्या बडा दोस्त आय4 चं तीन सिलिंडर, 80 एचपी, 190. माझं मत स्पष्ट आहे: बऱ्हाणपूर-इंदूर लाईनीला, जिथे भेरूघाट चढावा लागतो, छोटं इंजिन घेऊ नये. लिटरमागे टॉर्क काढून बघा. बोलेरोचा येतो 79, इंट्रा व्ही50 चा 147. पूर्ण लोडवर सिलिंडरमधला सरासरी दाब जवळपास दुप्पट. पिस्टन, गजन पिन, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, हेड गॅस्केट, सगळ्यांनी तो रोज सोसायचा. मोठं इंजिन आरामात ओढतं आणि जास्त टिकतं.

पीथमपूर_फिटर
भाऊ, भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष नाही. दाब दुप्पट असेल तर भागही त्या हिशेबानेच बनतात. नव्या टर्बो इंजिनांत पिस्टनच्या पोटावर तेल मारणारे जेट असतात, इंटरकूलर असतो. जुन्या घाटणीच्या इंजिनाला जाड कास्टिंग मिळालं म्हणून ते अमर होत नाही.

आता घाटाचा हिशेब करा. गाडी-माल मिळून साडेतीन टन, चढ 6 टक्के, वेग 40. चढाला सुमारे 2060 न्यूटन, टायरच्या घर्षणाला 400, हवेला शे-सव्वाशे. गिअरबॉक्स-डिफरन्शियलचं नुकसान धरून इंजिनाकडून 43 एचपीच्या आसपास लागतात. 80 एचपीचं इंजिन तिथे अर्ध्यावर चालतंय, मरत नाहीये. तीच गाडी पाच टनांची करून चढवली तर आकडा 60 पार जातो, आणि मग लोक म्हणतात, 'इंजिन कमजोर निघालं.' ओव्हरलोडला कायद्याने 20,000 रुपये दंड, वर जादा टनामागे 2,000. इंजिनाचा दंड वेगळा.

सियागंजकर
फिटरभाऊ, 40 चा वेग कागदावर. भेरूघाटात पुढे ट्रॉला रांगत असतो, तुम्ही 15 वर, आणि वळणावर पुन्हा उचलायचं. तिथे एचपी बघू नका, 1200-1400 आरपीएमला काय मिळतं ते बघा. योद्धाचा 250 हा 1000 पासून आहे, बोलेरोचा 200 हा 1400 पासून. इंट्रा व्ही50 चा 220 मिळतो 1750 ला. त्याच्या खाली टर्बो नुसता श्वास घेत असतो, म्हणून ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून रेस देतो. सहा महिन्यांत क्लच प्लेट जळाली की दोष कोणाला द्यायचा?

आणि उतार कोणी मोजलाच नाही. इंदूरहून धुळ्याकडे कांदा-बटाटा जातो तेव्हा मानपूर सोडल्यावर गणेश घाटात भरलेली गाडी *उतरवायची* असते. छोट्या इंजिनाची अडवण्याची ताकद कमी, कारण एक्सलेटर सोडल्यावर अडवतं ते सीसी, टर्बो नव्हे.

पीथमपूर_फिटर
उताराचा मुद्दा मान्य. क्लचचा नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरचं प्रमाण छोट्या इंजिनाच्या गाडीत त्यासाठीच जास्त ठेवतात. 1800 वर ठेवून गिअर बदला, क्लचवर पाय ठेवून बसू नका. आणि उतारावर मोठ्या इंजिनाच्या भरवशावर दुसरा गिअर टाकून 4000 पार नेणारेही आहेत. लिमिटर डिझेल तोडतो, पण तिथे गाडीच इंजिनाला ढकलत असते, लिमिटर काय करणार? पुशरॉडच्या (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) इंजिनात व्हॉल्व्ह तरंगतो, म्हणजे वेळेत बंद होत नाही, आणि पुशरॉड वाकतो. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, हा नियम जुनाच आहे.

टॅपेटकाका
दोघेही चुकीच्या ठिकाणी खणताय. 1 एप्रिल 2020 नंतरच्या (बीएस6) गाडीत ब्लॉक फुटून कोणी उभं राहत नाही. उभं राहतं ते एक्झॉस्टच्या डब्यामुळे, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या डीपीएफमुळे. काजळी जाळायला डब्यात 550-600 अंश लागतात. सलग 15-20 मिनिटं 60 च्या वर गाडी चालली तर ते होतं. सियागंज ते छावणी ते चोइथराम मंडी, मधे तासभर हमाली आणि इंजिन चालू, यात कधीच होत नाही. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जादा डिझेल फवारून जाळायचा प्रयत्न करतो, ड्रायव्हर मधेच इंजिन बंद करतो, अर्धवट राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल *वाढलेलं* दिसलं तर खूश होऊ नका. ते पातळ झालंय, बेअरिंग खाईल. अडीच लिटर असो की दीड, ताबडतोब बदला.

दिवा लागला की लगेच डबा बदलायला सांगतात. आधी प्रेशर सेन्सरच्या दोन रबरी नळ्या बघा. तडकलेली नळी ईसीएमला खोटी माहिती देते, आणि नळी डब्यापुढे कवडीमोल. मग स्कॅनर लावून काजळीचा आकडा वाचा, गाडी स्थिर उभी करून रिजनरेशन द्या, म्हणजे काजळी जाळा. त्याआधी टाकी रिझर्व्हवर नको, बऱ्याच गाड्या त्यात ते सुरूच करत नाहीत. ऑइल कमी राखेचंच घाला. जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल ओतलं तर त्याची राख डब्यात बसते, आणि राख कितीही तापवली तरी जळत नाही.

मधुमिलनवाला
काका, मग माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? बीएस4 ची जुनी अडीच लिटर घ्या, डबाच नाही.

टॅपेटकाका
घ्या, पण तपासून. इंजिन गरम करून चालू ठेवा आणि ऑइलचं झाकण काढा. धूर फुसफुसत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग कॉम्प्रेशन गेज लावा, सिलिंडरांत 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या चार बाटल्या लावून आयडलवर मिनिटभर चालवा. एका बाटलीत दुप्पट डिझेल आलं तर तो इंजेक्टर खलास. आणि एअर फिल्टरच्या *पुढचा* पाइप बोटाने पुसा, इंजिनाच्या बाजूचा. धूळ लागली तर बाकी काही तपासू नका, घरी जा. माळव्यात सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत जितकी इंजिनं धुळीने मरतात, तितकी घाटाने नाही. फिल्टर झटकायचा तर हवा आतून बाहेर, कमी दाबाने. आतला छोटा सेफ्टी फिल्टर झटकायचाच नाही, बदलायचा.

सियागंजकर
यात पाण्याचंही घाला काका. बोरिंगचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय इंदूरभर आहे. इंजिनाच्या जाकिटात, म्हणजे पाण्याच्या वाटांत, खार बसतो, मे महिन्यात घाटात तापमानाचा काटा चढतो, हेड वाकतं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं. बाहेरून जाळीत कांद्याची सालं अडकतात, ती पंख्याच्या बाजूने पाणी मारून पुढे काढायची. पुढून मारलं तर आणखी आत बसतात.

पीथमपूर_फिटर
म्हणजे एकमत इतकंच: शहरातल्या शहरात फेऱ्या असतील तर डबा हीच अडचण, आणि तिथे इंजिन मोठं घेऊन काही मिळत नाही. छोटं घ्या, डिझेल वाचवा, आठवड्यातून एकदा बायपासवर लोड घालून वीस मिनिटं चालवा.

मधुमिलनवाला
शहराबद्दल मी बोललोच नव्हतो, भिया. केळीला अडीच लिटरच.

टॅपेटकाका
केळीला योद्धा का नको ते सांग आधी. 2179 मध्ये 250 म्हणजे लिटरमागे 115. तुझ्या हिशेबाने तीही निम्मी आजारीच.

मधुमिलनवाला
115 चालेल, काका. 147 नाही.

पीथमपूर_फिटर
रेषा 115 आणि 147 च्या मधे नक्की कुठे आखली, आणि कशावरून? बडा दोस्तचा येतो 129. तो कुठल्या बाजूला?