नक्षी चांगली आहे, तरी टायर बदलायचे? (लवकर सांगा)

रानवारा: परवा पहाटे आईला घेऊन समृद्धीने नागपूरला निघायचंय. आज हवा भरताना पंपावरचा मुलगा म्हणाला, "टायर जुने झालेत, बदलून घ्या." नक्षी तर छान आहे! चार टायर म्हणजे सतरा-अठरा हजार. खरंच गरज आहे का?

पारावरचा: गाडी कुठली? किती किमी?

रानवारा: स्विफ्ट. २६ हजार. कंपनीतून आलेलेच टायर.

सुमेधा_न: अहो, पण टायर कधीचे? टायरच्या बाजूवर 'डीओटी' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, तो कधी बनला ते सांगणारे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा.

जुना_चालक: माझे नऊ वर्षं चालले, काही झालं नाही. खाचांत बारीक उंचवटे असतात, १.६ मिमीचे. तिथपर्यंत झिजले की बदलायचे. तोवर एक रुपया घालवू नका.

सुमेधा_न: ते झिजेचं माप झालं, वयाचं नाही. उन्हाने आणि ओझोनने रबर कडक होतं. टायर फिरत राहिला की रबरातलं मेण वर येऊन त्याला जपतं. उभ्या गाडीत तेही होत नाही. कमी चाललेली गाडी म्हणून निर्धास्त राहू नका.

हिरवा_माळ: नायट्रोजन भरा. मी चार वर्षं तोच भरतोय, टायर थंड राहतात.

पारावरचा: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय! रानवारा, दाब मात्र निघण्याआधी गार टायरवर बघा. हवा कमी असली की टायर जास्त तापतो.

रानवारा: बॅटरी घेऊन खाली जाऊन आलो. ३११६. चारही तसेच. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या चिरा आहेत. मागच्या डाव्याला तर बाजूलाही आहेत, नख अडकतं.

सुमेधा_न: म्हणजे २०१६चा ऑगस्ट. बदला. मिशेलिनचंच सांगणं आहे की ५ वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि १० झाली की टायर दिसायला चांगला असला तरी काढा. तुमच्या टायरला तर चिरा पडल्यात.

जुना_चालक: बाजूला नख अडकत असेल तर मीही नको म्हणेन. गावातल्या गावात गोष्ट वेगळी. समृद्धीवर १२०ची मर्यादा, तासन्‌तास काँक्रीट. मागचा टायर फुटला तर गाडी सावरणं कठीण. निदान मागचे दोन तरी नवे टाका.

सुमेधा_न: दोन कशाला? चारही एकाच वयाचे आहेत.

माळरान: सिंदखेडराजाजवळ घरगुती जेवण कुठे मिळतं? आम्हीही रविवारी निघतोय.

रानवारा: चारही बदलतो, उद्या सकाळीच. १६५/८० आर१४, ८५टी लिहिलंय. तेच मागायचं ना?

पारावरचा: तेच. नव्या टायरवरचे चार आकडेही दुकानातच वाचा, दोन वर्षं पडून असलेला माल घेऊ नका. आणि स्टेपनी बघितली का?

रानवारा: नाही. आत्ता बघतो.