स्मोक अलार्म वाजला तरी ऐकू यायला हवा ना!

वर दोघातिघांनी 'म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत स्मोक अलार्म लावा, निम्मी काळजी मिटते' असं म्हटलंय. धूर झाला की वाजणारा हा भोंगा लावायला हवाच, पण आमच्याकडे तो लावूनही काळजी होती तिथेच राहिली. बाबा ७८ वर्षांचे, दोन्ही कानांना यंत्र. रात्री झोपताना ते यंत्र काढून डबीत ठेवतात, वर पंखा पाचवर. एकदा पहाटे मी मुद्दाम अलार्मचं टेस्टचं बटण दाबून धरलं. शेजारच्या काकू दार वाजवत आल्या, बाबा मात्र कुशीसुद्धा बदलेनात.

नंतर कळलं ते असं, की साध्या अलार्मचा आवाज साधारण ३००० हर्ट्झचा, म्हणजे चिरका असतो, आणि वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी हेच वरच्या पट्टीतले आवाज जातात. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला भोंगा अशा माणसांना जास्त चांगला जागं करतो. पूर्ण बहिऱ्या माणसासाठी गादीखाली ठेवायची थरथरणारी चकती मिळते, ती अलार्मला जोडलेली असते. नुसता लुकलुकणारा दिवा घेऊ नका. जाग्या माणसाला तो दिसतो, गाढ झोपलेल्याला उठवेलच असं नाही. आम्ही चकती घेतली. पहिल्या चाचणीला बाबा ताडकन उठून बसले आणि भूकंप झाला म्हणून मलाच ओरडले. आता कानाच्या यंत्राची डबी आणि टॉर्च उशीलगतच असते, आधी कपाटात असायची.