'मानसिक', 'जैविक', 'आनुवंशिक': कोणता शब्द कुठे?

धागाकर्ती:

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार विभागासाठी मी चार पानी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. ती रुग्णांच्या घरच्यांना द्यायची आहे. मनोविकारांमागे मेंदूत आणि शरीरात काय घडत असतं, संशोधन आज कुठवर आलं आहे, हा विषय. तीन पानं झाली, पण शीर्षकावरच अडले आहे. 'मनोविकारांचा जैविक आधार' असं लिहून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजाराला आधार? तो कोण देतंय?"

आईला मुद्दाम वाचून दाखवते, कारण अशी पुस्तिका अठरा वर्षांपूर्वी तिच्या हातात पडायला हवी होती. माझ्या धाकट्या भावाला तेव्हा आवाज ऐकू येऊ लागले होते. एमआरआय झाला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. मामा म्हणाले, "रिपोर्टात काही नाही ना? मग सगळं मानसिक आहे." त्या वाक्यात 'मानसिक'चा अर्थ 'खरं नसलेलं' असा होता. त्याने मनावर घ्यावं, लवकर उठावं, कामाला लागावं, म्हणजे झालं. औषध सुरू होईपर्यंत दीड वर्ष गेलं.

म्हणून विचारते. 'जैविक' लिहू, 'जीवशास्त्रीय' की 'शारीरिक'? 'आधार' नको, तर काय? आणि 'आनुवंशिक' व 'जनुकीय' एकच का?

गिरगावकर:

संस्कृत शिकवत आलो, त्यामुळे व्याकरणापासून सुरुवात करतो. 'जीवशास्त्रीय' म्हणजे जीवशास्त्र या विषयाशी संबंधित. अभ्यास, परिभाषा, प्रयोग जीवशास्त्रीय असू शकतात. आजाराचं कारण शास्त्रात नसतं, जिवंत देहात असतं; तिथे 'जैविक'च. वर्तमानपत्रांत 'मानसशास्त्रीय समस्या' छापतात तेव्हाही हीच चूक होते. समस्या मानसिक असते, तिचा अभ्यास मानसशास्त्रीय.

'आनुवंशिक'चा पहिला काना सोडू नका. अनुभवावरून आनुभविक, अनुषंगावरून आनुषंगिक, तसं अनुवंशावरून आनुवंशिक. 'अनुवंशिक' सर्रास दिसतं, पण पुस्तिकेत नको.

आता मला खरं सांगायचं आहे ते 'आधिव्याधी'बद्दल. आपण हा जोडशब्द 'दुखणीबाणी' अशा सैल अर्थाने वापरतो. पण त्यातले दोन्ही शब्द वेगळे आहेत. व्याधी देहाची, आधी मनाची. अमरकोश आधीचा अर्थ 'मानसी व्यथा' असाच देतो. मराठीत एकटा 'आधी' लिहिला की तो 'अगोदर'च्या 'आधी'सारखा दिसतो, बहुधा म्हणूनच तो मागे पडला आणि जोडशब्दापुरता उरला. मनाचं दुखणं आणि देहाचं दुखणं एकाच दमात उच्चारणारा शब्द आपल्या घरात होता, आणि त्यातलं अर्धं आपण विसरलो.

चरकसंहितेतही उन्माद देहाबाहेर काढलेला नाही. निदानस्थानात त्याचे पाच प्रकार येतात: वातज, पित्तज, कफज, सन्निपातज आणि आगंतु. पहिले चार देहातल्या दोषांमुळे होणारे, पाचवा बाहेरून येणारा. आजच्या जीवरसायनाशी त्याची सांगड घालू नये, ते चुकीचं होईल. पण 'मानसिक म्हणजे देहाशी संबंध नसलेलं' हा अर्थ आपल्या परंपरेतून आलेला नाही, एवढं ठामपणे सांगता येतं.

ठाणेकर:

एवढा विचार कशाला? सरळ 'मेंदूचा आजार' लिहा. किडनीचा आजार असतो, तसा मेंदूचा. आमच्या शहरात मनोरुग्णालय आहे, म्हणून शहराच्या नावानेच मुंबईत लोक टोमणा मारतात, "ह्याला ठाण्याला पाठवा." लहानपणापासून ऐकतो आहे. 'वेडा' हा शब्द पुसायचा तर समोर मेंदू ठेवायला हवा.

धागाकर्ती:

दादा, मीही आधी तेच लिहिलं होतं, मग खोडलं. एक अडचण अशी की 'मेंदूचा आजार' म्हटलं की घरचे स्कॅन मागतात. स्किझोफ्रेनिया, म्हणजे माझ्या भावाचा आजार, असलेल्या पुष्कळ लोकांच्या मेंदूंची सरासरी काढली, तर काही भागांच्या आकारमानात फरक दिसतो. पण एका माणसाचं स्कॅन बघून निदान करता येत नाही. मग स्कॅन स्वच्छ आलं की पुन्हा मामांचं वाक्य: "मेंदूत तर काही नाही."

दुसरी अडचण मला नंतर वाचनात कळली. २०१३ साली क्वाले आणि हॅस्लम या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर या विषयावरचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले. आजाराचं कारण जैविक किंवा जनुकीय आहे असं सांगितलं, की लोक रुग्णाला दोष कमी देतात. पण त्याच वेळी 'हा आता बरा होणार नाही' ही भावना वाढते. शब्द दोष काढून घेतो आणि आशाही काढून घेतो. आमच्या घरी हे घडलेलं आहे. "रक्तातच आहे," असं एकदा ठरल्यावर काकूने भावाला कामाचं काही सांगणंच सोडलं होतं.

परळकर:

मी आयुष्यभर रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं. 'रासायनिक असंतुलन' हा शब्द पुस्तिकेत घालणार असाल, तर त्याची गोष्ट सांगतो. ती आमच्या परळमधूनही जाते.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वीपासून वापरात होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. पुढे केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यावर जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळापासून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिलं. १९५७ चा वैद्यकातला लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला.

रेसरपिनने मेंदूतल्या सेरोटोनिन, डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या द्रव्यांचा साठा रिकामा होतो, हे प्रयोगशाळेत दिसलं. १९५७ मध्येच स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपिन दिलेले निपचित ससे, ज्यापासून डोपामिन बनतं ते एल-डोपा देऊन, पुन्हा हलते केले. काही रक्तदाबाचे रुग्ण रेसरपिनवर उदास झाल्याच्या नोंदी होत्याच. त्यातून 'ही द्रव्यं कमी पडली की नैराश्य येतं' ही कल्पना उभी राहिली आणि तिचं सोपं रूप म्हणून 'रासायनिक असंतुलन' सगळीकडे पोचलं. मीच काउंटरवर किती जणांना ते सांगितलं असेन!

पण शब्द पुराव्याच्या पुढे गेला. २०२२ साली जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सातत्याचा पुरावा सापडला नाही. याचा अर्थ गोळ्या निरुपयोगी, असा नाही. क्रोसिनने ताप उतरतो म्हणून ताप क्रोसिनच्या कमतरतेमुळे येत नाही. औषध लागू पडणं आणि कारण कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. 'असंतुलन' म्हटलं की किराणा दुकानातला तराजू डोळ्यांपुढे येतो, थोडं टाकलं की काटा मध्यावर. मी तो शब्द वगळेन.

माहीमची अनुवादक:

'आनुवंशिक' आणि 'जनुकीय' एक नव्हेत, आणि या विषयात तो फरक फार महत्त्वाचा आहे. जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित. आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून पुढच्या पिढीकडे आलेलं. जनुकात नवा बदल मुलातच पहिल्यांदा झाला, तर तो जनुकीय आहे पण आईवडिलांकडून आलेला नाही. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असेल, तर स्किझोफ्रेनियाचा धोका बराच वाढतो. हा तुकडा बहुतेक वेळा आईवडिलांत शाबूत असतो, मुलातच नव्याने गळतो. अशा घरी जाऊन 'आनुवंशिक' म्हटलं, की लगेच कोणाच्या घराण्यातून आलं याचा शोध सुरू होतो. सासर आणि माहेर समोरासमोर उभे राहतात.

एकच जनुक दोषी असतं असंही नाही. २०१४ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी संबंध दाखवणाऱ्या जनुकसंचातल्या १०८ जागा मिळाल्या, २०२२ मध्ये २८७. बहुतेकांचा एकेकटा परिणाम अगदी किरकोळ. २०१६ मध्ये त्यातल्या एका जागेचा उलगडा झाला: सी-फोर हे जनुक, जे रोगप्रतिकाराच्या कामात असतं. ते मेंदूतल्या चेतापेशींमधल्या जोडण्या छाटण्यातही भाग घेतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. कुमारवयात जोडण्यांची छाटणी सगळ्यांचीच होते. ती काहींत जास्त होत असावी, असा त्यावरून तर्क आहे. 'छाटणी' हा बागेतला शब्द इथे अगदी चपखल बसतो, जरूर वापरा.

सगळ्यात मोठा घोळ '८० टक्के आनुवंशिक' या वाक्याचा. जुळ्यांच्या अभ्यासांतून आलेला हा आकडा समूहाबद्दल आहे: लोकांमध्ये या आजाराच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमधल्या फरकांशी जोडता येतो. मुलाला आजार होण्याची शक्यता ८० टक्के, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे १० टक्के. एरवी सर्वसाधारण लोकांत सुमारे १ टक्का. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला असेल, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ३३ ते ५० टक्के. जनुकं तीच, तरी निम्मी किंवा त्याहून जास्त जुळी भावंडं वाचतात, हे ठळक छापा.

गिरगावकर:

माहीमच्या ताईंचं म्हणणं पटलं. मग 'जैविक' विरुद्ध 'परिस्थितीजन्य' अशी जोडीही चुकीची ठरते का?

माहीमची अनुवादक:

हो सर, चुकीचीच. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं हेच तपासते आहे. उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरच्या दिवसांत ताण दिला, आईपासून दूर ठेवलं, तर मोठेपणी त्यांच्या मेंदूत आणि वागण्यात फरक राहतात. परिस्थिती बाहेरची, पण तिची खूण देहात. 'जैविक' म्हणजे 'जन्मजात' नव्हे, आणि 'न बदलणारं' तर नव्हेच.

ठाणेकर:

माझा हट्ट मागे घेतो. पण मग 'छिन्नमनस्कता' तरी ठेवणार का? लोकांना वाटतं, एका माणसात दोन माणसं.

धागाकर्ती:

नाही ठेवणार. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ग्रीक शब्दांवरून 'स्किझोफ्रेनिया' घडवला, आपण त्याचं शब्दशः भाषांतर केलं आणि गैरसमजही सोबत आणला. जपानमध्येही तसंच 'मन दुभंगण्याचा रोग' असं नाव होतं. रुग्णांच्या कुटुंबीयांनी मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये ते बदललं. मी 'स्किझोफ्रेनिया'च लिहीन. भावाच्या फाइलवर तोच शब्द आहे, आईला तो वाचता येतो.

सगळ्यांचे प्रतिसाद छापून काल आईला दिले. 'आधार' गेला. 'मूळ'ही गेलं, कारण मूळ म्हटलं की एकच असतं आणि ते उपटता येतं असं वाटतं. शीर्षक आता 'मनाचा आजार: शरीरात काय घडतं?' असं आहे. 'जैविक' आतल्या पानावर येतो, तिथे अर्थ सांगायला जागा आहे. 'आनुवंशिक' एकदाच, १० टक्क्यांच्या वाक्यात. बाकी सगळीकडे 'जनुकीय'. 'पूर्वप्रवृत्ती' असाही एक शब्द मी योजला होता. आईने त्यावर बोट ठेवलं: "प्रवृत्ती म्हणजे त्याचा स्वभाव वाईट, असं वाटतं." आता तिथे 'धोका वाढतो' एवढंच.

तिसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. १९४८ साली मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइकमन यांनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी कल्पना मांडली, कित्येक वर्षं डॉक्टर आयांना तसं बघत राहिले, आणि पुढच्या संशोधनात तिला पुरावा मिळाला नाही. त्याखाली मी लिहिलं होतं: 'आईच्या वाढवण्यात चूक झाली म्हणून हा आजार होत नाही.' आईने तो परिच्छेद दोनदा वाचला. मग पेन्सिल मागून घेतली, त्या एका वाक्याभोवती चौकट काढली आणि पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे बाण ओढला.