बातम्या अन् नोटिफिकेशन कमी करून डोकं शांत ठेवायचं, कसं करता ते सविस्तर सांगा

बर्डीकर
पहाटे झाशी राणी चौकात चहाच्या टपरीवर रेडिओ लागला होता. आकाशवाणीची ती धून ऐकली अन् आठवलं, सकाळी पेपर यायचा, संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागायच्या. मधला अख्खा दिवस बातमीविना जायचा अन् कोणाचं काही अडत नव्हतं. आता फोन दर दहा मिनिटांनी टुणकन वाजतो. धागा यासाठीच काढला. "फोन बाजूला ठेवा" असं मोघम नको, नेमकं काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं अन् कुठे फसतं ते लिहा.

मानेवाडा_रिंगरोड
बंद करायच्या आधी मोजा. अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, त्यात नोटिफिकेशन हिस्ट्री चालू करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उघडा, मागच्या २४ तासांत कोणत्या ॲपनं किती त्रास दिला ते समोर दिसते. नुसत्या अंदाजानं बंद केलं तर हटकून कामाचंच बंद होते. मग यादीतल्या नावावर दाबून धरलं की त्या ॲपचे प्रकार उघडतात: ऑर्डर, ऑफर, शिफारस. ऑफर अन् शिफारस बंद, ऑर्डर चालू.

फसते कुठे, तर ॲप अपडेट झालं की कंपनी नवीन प्रकार घालते अन् तो आपोआप चालूच असते. म्हणून महिन्यातून एकदा पुन्हा पाहायचं. अन् ज्या ॲपनं सगळं एकाच प्रकारात कोंबलं असेल, त्याला सरळ 'सायलेंट' करा. वाजत नाही, पण खाली सापडते.

इतवारीची_सून
पोळ्या चालल्यात, म्हणून थोडक्यात. बातम्यांचं ॲप काढलं तरी बातम्या येतच राहतात, कारण त्या क्रोममधून येतात. कधीतरी एखाद्या साइटवर 'अलाऊ' दाबलेलं असतं. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. 'अलाउड' खालची सगळी नावं काढा.
होम स्क्रीन उजवीकडे सरकवल्यावर जो बातम्यांचा ढीग येतो तो वेगळा: गूगल ॲप, आपला फोटो, सेटिंग्ज, त्यात 'डिस्कव्हर' बंद.

बर्डीकर
ताई, हे क्रोमचं फार कामाचं सांगितलं. पोळ्या करा आधी!

अंबाझरी_लेआउट
थांबा जरा, सगळंच बंद करू नका, कळकळीनं सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला अन् झोपेतल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं. अशा रात्री फोन पूर्ण मुका असून चालत नाही. म्हणून:
– सेफ्टी अँड इमर्जन्सीमधले वायरलेस इमर्जन्सी अलर्ट चालूच ठेवा.
– 'डू नॉट डिस्टर्ब' लावताना कॉलमध्ये 'स्टार्ड कॉन्टॅक्ट्स' निवडा. घरचे, खालच्या मजल्यावरचे अन् सोसायटीचा चौकीदार, इतक्यांच्याच नावाला तारा (स्टार) लावा.
– 'रिपीट कॉलर्स' चालू करा. तोच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा लावेल तर घंटी वाजते. आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची आहे. घरच्यांना सांगून ठेवा, रात्री गरज पडली तर लागोपाठ दोनदा लावायचं.
पावसासाठी हवामान खात्याचं 'मौसम' अन् वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप. शेतावर जाणाऱ्यानं तर दामिनी ठेवलंच पाहिजे.

कळमेश्वर_संत्रा
दामिनीला लोकेशनची परवानगी 'नेहमी' द्या. फक्त 'ॲप वापरताना' दिली तर फोन खिशात असताना इशारा येईलच असं नाही. बॅटरी सेव्हरच्या यादीतूनही ते बाहेर काढा. यंदा संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ कोणाकडे जास्त आहे का? आमच्याकडे लोकं फारच चिंता करून राहिले.

मानेवाडा_रिंगरोड
दादा, गळीचा वेगळा धागा काढा नं, तिथं बोलू. पण लोकेशनचं बरोबर सांगितलं.

महाल_१९
जाहिरातीचे एसएमएस कोणी बोललंच नाही. १९०९ वर इंग्रजीत START 0 पाठवा, मोबाइल कंपनीकडे नोंद होते. बँकेचे संदेश, ओटीपी थांबत नाहीत, भिऊ नका. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी अक्षर असते: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. पी आला की समजून घ्या.

धरमपेठ_वाचक
मला वाटतं, नोटिफिकेशनपेक्षा टीव्हीवरच्या संध्याकाळच्या चर्चा जास्त थकवतात. त्यात नवीन माहिती फार थोडी असते, तेच वाक्य पट्टीवर तासभर फिरतं. घरात वडीलधारे असतील तर चॅनल बंद करण्यावरून भांडण नको. सेट-टॉप बॉक्समध्ये 'फेव्हरिट' यादी करा, भजन, क्रिकेट, सिनेमा अन् एकच बातम्यांचं चॅनल, अन् रिमोटवर ती यादी कशी लावायची ते दाखवून द्या. अर्ध्या तासाचं बातमीपत्र पाहावं, चर्चा सुरू झाली की पुढे जावं.
अन् छापील पेपर सोडू नका. नागपुरात पेपर वाचायची सवय जुनी आहे, 'हितवाद' तर गोखल्यांनी १९११ मध्ये इथं काढला. पेपरात बातमी रात्रीतून थोडी निवळून येते, अफवा बऱ्याचशा गळालेल्या असतात. शेवटचं पान संपलं की बातम्या संपतात, हे फोनवर कधी होत नाही.

इतवारीची_सून
शेवटचं पान संपतं हे अगदी खरं 👍
यूट्यूबचंही सांगते: हिस्ट्री पुसून वॉच हिस्ट्री बंद केली की होम पानावर व्हिडिओच दिसत नाहीत, शोधाल तेवढंच येतं. पण मुलांचा अभ्यासाचा व्हिडिओ अर्ध्यावर सोडला असेल तर तोही यादीत सापडणार नाही, तो आधी प्लेलिस्टमध्ये टाका. ऑटोप्लेही बंद.

रेडिओवाले_काका
रेडिओची गोष्ट निघाली म्हणून. नवीन घेताना मिडियम वेव्ह आहे का पाहा, बरेच स्वस्त सेट फक्त एफएमचे असतात. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर. खरखर आली तर आधी जवळचा एलईडी दिवा अन् मोबाइलचा चार्जर बंद करून पाहा, बहुतेक वेळा दोष त्यांचाच. तरी राहिली तर सेट आडवा फिरवा. मिडियम वेव्हचा अँटेना आतली फेराइटची कांडी असते, बाहेरची दांडी लांब करून काही होत नाही.

प्रतापनगर_आई
शाळेच्या ग्रुपचं काय करावं? म्यूट केला तर सुट्टीची सूचना चुकते, चालू ठेवला तर दिवसभर "थँक्यू मॅम".

मानेवाडा_रिंगरोड
ताई, शाळेला विनंती करा, सूचनांचा ग्रुप वेगळा काढून त्यात 'फक्त ॲडमिन' पाठवू शकतील असं करा, ग्रुपच्या परवानग्यांमध्ये तो पर्याय असतो. तो पिन करा अन् त्याला वेगळी ट्यून लावा. गप्पांचा ग्रुप म्यूट 'ऑलवेज' करून अर्काइव्हमध्ये टाका, अन् सेटिंग्ज, चॅट्समध्ये 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू असल्याची खात्री करा. ते बंद असलं की नवीन मेसेज आला रे आला, ग्रुप पुन्हा वर येतो.

प्रतापनगर_आई
ते बंदच होतं! आता केलं चालू. ॲडमिनचं उद्या पालकसभेत मांडते.