घरच्या सोलरवर इलेक्ट्रिक गाडी चार्ज करणं: हिशेब खरंच जुळतो का?

मोकळं_छत

छतावर ३ किलोवॉटचं ग्रिडला जोडलेलं सोलर आहे, नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा) आहे. घराचा वापर दिवसाला ७-८ युनिट. आता इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं चाललंय. आठवड्यातले पाच दिवस रोज ५० किमी. सकाळी ९ ला गाडी बाहेर, संध्याकाळी ७ ला परत. म्हणजे ऊन असतं तेव्हा गाडी नसते आणि गाडी असते तेव्हा ऊन नसतं.

पॅनेल किती वाढवावी लागतील? दिवसाची वीज घरच्या बॅटरीत साठवून रात्री गाडीत ओतणं शहाणपणाचं आहे का? आणि गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर साध्या १६ अँपिअरच्या प्लगला लावून भागतं, की भिंतीवरचा डबा, म्हणजे कायमचा बसवलेला चार्जर, लावावाच लागतो? 'सूर्यावर फुकट प्रवास' हे जाहिरातीत ठीक आहे. मला आकडे हवेत.

अर्धा_युनिट

आधी युनिटांचं बघू, कारण ते सोपं आहे.

मध्यम आकाराची गाडी गावातल्या गावात १०० किमीला १४-१५ युनिट खाते, हमरस्त्यावर १०० च्या वेगाने १७-१८. तुमच्या ५० किमीला ७.५ धरा. हे झाले बॅटरीतून निघालेले. भिंतीपासून बॅटरीपर्यंत जाताना १२-१५ टक्के गळती होते, म्हणजे मीटरवर साधारण ८.६ युनिट. पाच दिवसांचे ४३. सात दिवसांवर पसरवले तर दिवसाला ६ च्या थोडं वर.

दुसरी बाजू. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं. ३ किलोवॉटचे १२, त्यातले ७-८ घराचे, उरले ४-५. तूट दीड-दोन युनिटांची. कागदावर अर्धा किलोवॉट पुरेल, पण पॅनेलवरची धूळ, झाडाची सावली आणि ढगाळ महिने धरून १ ते १.५ किलोवॉट वाढवा. ५५० वॉटची दोन किंवा तीन पॅनेल. एक पॅनेल साधारण २.३ मीटर बाय १.१३ मीटर, म्हणजे जागेचा प्रश्न सहसा येत नाही.

घोळ होतो तो जोडणीत. जुनी पॅनेल ३३० वॉटची असतील तर त्यांचा करंट ९ अँपिअरच्या आसपास, नव्या ५५० वॉटचा १३. दोन्ही एकाच स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेत) ओवली तर सगळ्या माळेतून कमीवाल्याचाच करंट वाहतो आणि नव्या पॅनेलचा तिसरा हिस्सा वाया जातो. इन्व्हर्टरला दुसरा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारं स्वतंत्र इनपुट) मोकळा असेल तर नवी पॅनेल तिथे लावा. मात्र दोन-तीन पॅनेलचं व्होल्टेज त्या एमपीपीटीच्या किमान व्होल्टेजच्या वर जातं का ते आधी डेटाशीटमध्ये बघा. नाही गेलं तर या पॅनेलना मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलखालीच बसणारा छोटा इन्व्हर्टर) हाच सरळ मार्ग. जास्तीत जास्त डीसी व्होल्टेजही तपासा, आणि तेही थंडीतल्या सकाळचं धरून, कारण गार पॅनेल जास्त व्होल्ट देतं.

आणि ३ किलोवॉटचं सोलर दुपारी २.४ दाखवतं म्हणून घाबरू नका. रेटिंग २५ अंश सेल-तापमानाचं असतं. भर उन्हात सेल ६५ ला जातो, दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले.

घड्याळ_बघा

युनिट जुळले, वेळ जुळत नाही. आणि ती जुळवावी की नाही हे तुमच्या नेट मीटरच्या अटींवर ठरतं, गाडीवर नाही.

ग्रिडला दिलेलं एक युनिट नंतर एक युनिट म्हणूनच परत मिळत असेल, तर ग्रिड हीच तुमची बॅटरी. गाडी रात्री बिनधास्त लावा, रात्रीचा दर स्वस्त असेल तर उत्तमच. उन्हाच्या मागे धावण्यात काही अर्थ नाही. पण दिलेल्या युनिटचा दर घेतलेल्या युनिटच्या निम्म्याहून कमी असेल, किंवा देण्याघेण्याचा हिशेब महिन्याऐवजी दर तासाला वा पंधरा मिनिटांना होत असेल, तर दुपारची वीज दुपारीच वापरणं फायद्याचं. आधी बिलातली ती ओळ शोधा, पॅनेलचं नंतर.

घरची बॅटरी फक्त गाडीसाठी? नको. पॅनेलमधून घरच्या बॅटरीत आणि तिथून परत एसी होईपर्यंत १०-१२ टक्के जातात, मग गाडीत भरताना आणखी १२-१५. छतावरच्या १०० युनिटांपैकी गाडीच्या बॅटरीत पोचले ७६-७७. शिवाय रोजच्या ८.६ युनिटांसाठी १० युनिटांची बॅटरी लागते, आणि ती ढगाळ दिवशी रिकामीच असते, म्हणजे ग्रिडचा आधार सुटतच नाही. वीज वारंवार जाते म्हणून घराला बॅटरी हवी असेल तर ते वेगळं कारण आहे. गाडीच्या नावावर तो खर्च टाकू नका.

मधला मार्ग म्हणजे शनिवार-रविवार. ४.५ किलोवॉट सोलर दोन दिवसांत ३६ युनिट देईल, घराचे १५ वजा, २१ गाडीला. आठवड्याची अर्धी गरज थेट उन्हावर निघाली. दोन दिवसांत सगळं भरायचा हट्ट धरलात तर गाडीची बॅटरीही मोठी लागेल: ३० युनिटांच्या गाडीत पाच दिवसांचं राशन मावत नाही.

तारतंत्री

प्लगबद्दल. १६ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर चालतो, मग गाडी का नाही, असं सगळेच विचारतात. गीझर पंधरा-वीस मिनिटांत कटऑफ होतो. गाडी तेवढाच करंट सलग पाच-सहा तास ओढते. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल असेल किंवा मागचा स्क्रू अर्धवट आवळलेला असेल तर तिथेच उष्णता साठते. आधी पिनेच्या भोकाभोवती बदामी डाग पडतो, मग प्लास्टिक मऊ होऊन प्लग चिकटतो. एमसीबीला (करंट मर्यादेबाहेर गेला की पडणाऱ्या स्विचला) यातलं काहीच कळत नाही, कारण करंट तर मर्यादेतच असतो.

म्हणून पोर्टेबल चार्जर १० अँपिअरवर ठेवा. २.३ किलोवॉट मिळतात, तुमचे ८.६ युनिट पावणेचार तासांत आत. रोज ५० किमीसाठी ७.४ किलोवॉटचा डबा लागतच नाही. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगच्या तोंडावर हात ठेवा. कोमट ठीक, हात टिकत नसेल तर बंद करून सॉकेट बदला. शक्यतो ते निळं औद्योगिक सॉकेट लावा, त्याची पकड वेगळीच. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, आणि गुंडाळलेली रीळ तर त्याहून नको.

वायरिंग असं:

१६ अँपिअरपर्यंत: मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, २० अँपिअर सी-कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक झटका सहन करणारा) एमसीबी. मध्ये दुसरा कुठलाही पॉइंट नाही.

३२ अँपिअर (७.४ किलोवॉट): ६ स्क्वेअर, ४० अँपिअर एमसीबी. २० मीटरवर साधारण ४.७ व्होल्ट पडतात, म्हणजे २ टक्के, चालतं. अंतर त्याहून जास्त असेल किंवा वायर इतर वायरींच्या जुडग्यात तापलेल्या पाइपातून जात असेल तर १० स्क्वेअर.

आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअर, पण टाइप ए. घरात बहुधा टाइप एसी असतो. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर टाइप एसीचा गाभा संपृक्त होतो आणि खऱ्या शॉकच्या वेळी तो पडतच नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय आहे का ते बघा. नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी लावावा लागतो, तो महाग असतो.

बहुतारी वायरला फेरूल किंवा लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावूनच टर्मिनलमध्ये घाला आणि महिन्याभराने, मेन बंद करून, सगळे स्क्रू पुन्हा आवळा. तांबं दाबलं जाऊन सैल होतंच. आणि गाडी 'अर्थ नाही' म्हणून चार्जिंग नाकारत असेल तर अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडायचा जो सल्ला मिळतो तो देणाऱ्याला बोर्डाला हात लावू देऊ नका. कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीचा पत्रा जिवंत होईल.

मोकळं_छत

सगळ्यांचे आभार. बिल बघितलं, ग्रिडला दिलेल्या युनिटचा दर घेतलेल्याच्या बराच खाली आहे. म्हणजे सुट्टीच्या दिवशी उन्हावरच भरणं आलं. आपोआप उरलेल्या सोलरवर चालणारा चार्जर घ्यावा का? घराला जोडणी थ्री फेज आहे, सोलर इन्व्हर्टर सिंगल फेज. आणि दुपारी लाइट गेली तर सोलरवर गाडी चालू राहील ना?

घड्याळ_बघा

शेवटचं आधी: नाही राहणार. ग्रिड गेलं की ग्रिड-टाय इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, कितीही ऊन असो. खांबावर काम करणाऱ्याला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. हायब्रिड इन्व्हर्टर (घरच्या बॅटरीवर लाइट गेल्यावरही चालणारा) घेतला तरी गाडी त्याच्या बॅकअप लाइनवर टाकू नका. ती घरची बॅटरी तासा-दोन तासांत चाटून पुसून संपवेल. आणि काही इन्व्हर्टरांचा बॅकअप न्यूट्रल अर्थशी जोडलेला नसतो, तिथे गाडी फॉल्ट दाखवून थांबते.

आता सोलर मोड, म्हणजे उरलेल्या सोलरप्रमाणे करंट कमीजास्त करणं. चार्जर आणि गाडी यांच्यात पायलट नावाची एक तार असते. तिच्यावर १ किलोहर्ट्झचे ठोके चालतात आणि ठोक्याची रुंदी गाडीला सांगते की किती करंट घे. १० टक्के रुंदी म्हणजे ६ अँपिअर, पुढे दर टक्क्याला ०.६. सहाच्या खाली सांगायची सोयच या मानकात नाही. म्हणजे २३० व्होल्टला किमान १.३८ किलोवॉट. ढग आला आणि उरलेलं सोलर ७०० वॉटवर आलं, तर चार्जरपुढे दोनच मार्ग: थांब, नाहीतर कमी पडेल ते ग्रिडमधून घे.

दर ढगाला थांबवलंत तर काँटॅक्टर (चार्जरमधला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) झिजतो. त्याहून त्रासदायक म्हणजे काही गाड्या तीन-चारदा थांबवल्यावर झोपी जातात आणि ऊन परत आलं तरी उठत नाहीत, प्लग काढून पुन्हा लावावा लागतो. सेटिंग असं ठेवा: उरलेलं सोलर १.५ किलोवॉटच्या वर तीन मिनिटं टिकलं तर सुरू, तूट सलग दहा मिनिटं राहिली तरच बंद. किंवा 'किमान ६ अँपिअर कायम, वरचं उन्हाप्रमाणे' हा मोड. थोडं ग्रिडचं जातं, पण डोक्याला ताप नाही.

अजून एक, जे विक्रेते सांगत नाहीत. चार्जिंग चालू असताना गाडी स्वतः २००-३०० वॉट खाते, करंट कितीही असो. ६ अँपिअरवर हे १५-२० टक्के झाले, ३२ अँपिअरवर ३-४. म्हणजे उन्हाचा शेवटचा थेंब वेचायला दिवसभर हळूहळू भरत बसण्यात कमाई कमी. सकाळी ११ ते ३ या वेळात जोरात भरा आणि बंद करा.

अर्धा_युनिट

यात भर: टायमरही पुरतो. सुट्टीच्या दिवशी १० अँपिअर, ११ ते ३. ४.५ किलोवॉट सोलर निरभ्र दिवशी त्या वेळेत ३ च्या वर असतंच, घराचे ३००-४०० वॉट वजा करून २.३ सहज निघतात. दिवसाला ९ युनिट, म्हणजे एका दिवसाचं धावणं भरून वर थोडं उरतं. स्मार्ट डबा घ्यायचाच असेल तर ओसीपीपी किंवा मॉडबस (इतर यंत्रणांशी बोलायच्या खुल्या भाषा) बोलणारा घ्या, म्हणजे कंपनीचं अ‍ॅप बंद पडलं तरी ईव्हीसीसीसारख्या मुक्तस्रोत प्रणालीला जोडता येतो.

तारतंत्री

थ्री फेजचा मुद्दा राहिला. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात. सोलर आर फेजवर आणि गाडी वाय फेजवर असं झालं तर मीटर तिन्ही फेजची बेरीज धरतो की प्रत्येक फेज वेगळी, यावर सगळं आलं. बेरीज धरणारा असेल तर फरक पडत नाही. वेगळी धरणारा असेल तर आरवरून वीज बाहेर चालली आहे आणि वायवर तुम्ही विकत घेताय, असा प्रकार होईल. शंका नको म्हणून गाडी आणि सोलर एकाच फेजवर घ्या.

स्मार्ट चार्जरसोबत सीटी क्लॅम्प (करंट मोजणारा चिमटा) येतो, तो मेनच्या वायरवर बसतो. त्यावरचा बाण उलटा बसला की चार्जर देणं आणि घेणं यांत गफलत करतो: रात्री जोरात भरतो, दुपारी थांबतो. सॉफ्टवेअरला दोष देत दोन महिने जातात. तपासणी सोपी आहे. अंधार पडल्यावर, गाडी प्लगमधून काढून, सीटी ज्या फेजवर आहे त्याच फेजवर इस्त्री लावा. अ‍ॅपमध्ये 'ग्रिडमधून घेतलं' हजारेक वॉटने वाढलं तर बरोबर. 'ग्रिडला दिलं' वाढलं तर क्लॅम्प उघडून उलटा बसवा, आणि बसवताना तो कट्टकन मिटला का बघा. जबड्यात केसभर फट राहिली तरी आकडा चुकतो.