उरुशीच्या हाशीचं टोक सोललंय, आणि सासऱ्यांना बिब्बा उततो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागोयात येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी आम्हा दोघांना हाशीची, म्हणजे चॉपस्टिक्सची, एकेक जोडी दिली होती. वाकासा-नुरी, म्हणजे वाकासा भागातलं उरुशीचं काम (उरुशी म्हणजे झाडाच्या चिकाचं जपानी रोगण). काळ्याभोर रंगाच्या पोटात अंड्याच्या कवचाचे पांढरे कण, मधूनच शिंपल्याची निळी-हिरवी चमक, आणि वरून बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. त्याच रात्री आम्ही त्या काड्यांनी मॅगी खाल्ली.

दोष माझाच आहे, आधीच कबूल करते. आमटीच्या पातेल्यात रात्रभर भिजल्यात, डिशवॉशरमध्ये तर किती वेळा गेल्यात त्याची मोजदाद नाही. परवा जेवताना जिभेला काहीतरी खरखरलं. बघते तर एका काडीच्या टोकाला नखाएवढा भाग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटलाय आणि आतलं लाकूड फुगून पांढुरकं दिसतंय. नवरा म्हणतो, नेलपॉलिशचा एक हात मार, कळणारसुद्धा नाही. हे वाचवता येईल का?

दुसरं म्हणजे पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत, त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. इथे नवरा-बायकोला 'मेओतो-बाशी' म्हणून जोडी देतात, तशी घ्यावी असं मनात आहे. दुकानात गेले तर भिंतभर हाशी. काही अगदी स्वस्त, काहींची किंमत बघून हात मागे घेतला, आणि चकाकतात मात्र सगळ्या सारख्याच. खरी उरुशी ओळखायची कशी? लांबी कशी ठरवतात?

आणि खरी काळजी पुढेच आहे. सासरे वेंगुर्ल्याकडचे. त्यांना बिब्बा भयंकर उततो. ओले काजू सोलायला घेतले की ते सरळ देवळात जाऊन बसतात, कारण चीक नुसता लागला तरी हात सुजतात. ऑफिसातल्या एकीने सांगितलं की उरुशीनेही अंगावर उठतं. पण सावंतवाडीची लाखेची खेळणी त्यांच्या घरात लहानपणापासून आहेत, त्यांनी कधी काही झालं नाही. मग हे काय प्रकरण आहे?

चौकस काकू
नेलपॉलिश?? ते तोंडात जाणार आहे हो! नवऱ्याला आधी आवरा.

मुक्काम कानाझावा
काकूंशी शंभर टक्के सहमत. घरगुती गोंद, व्हार्निश, काही काही लावू नका.

उरुशीचा थर पाण्यात विरघळत नाही. आम्ल, अल्कोहोल यांनाही तो दाद देत नाही, त्या बाबतीत फार चिवट वस्तू आहे. पण हाशीचं टोक रोज दातांवर, ताटलीवर घासलं जातं. तिथे केसाएवढी फट पडली की पाणी लाकडात शिरतं, लाकूड फुगतं, आणि वरचा थर त्याच्याबरोबर ताणला जात नाही. मग डिशवॉशरमधल्या गरम हवेने तेच लाकूड झटकन आक्रसतं. असं दहा-वीसदा झालं की पापुद्रा सुटणारच. तुमच्या हाशी बाद झालेल्या नाहीत. टोकावर नव्याने हात देण्याला 'नुरीनाओशी' म्हणतात. चांगल्या दुकानात विचारा, ते कारागिराकडे पाठवतात. स्वस्त जोडीला हे परवडत नाही, पण आजींनी दिलेली आहे म्हटल्यावर मी तरी केलं असतं. तोवर त्या हाशींनी जेवू नका.

ओळखायचं कसं, तर चकाकीवर जाऊ नका, चिठ्ठी वाचा. जपानात अशा भांड्यांवर वरचा रंग कशाचा आणि आतला गाभा कशाचा हे छापावं लागतं. 'उरुशी-तोसो' असेल तर उरुशी. 'उरेतान' किंवा 'आकुरिरु' असेल तर कृत्रिम रंग. गाभ्याला 'तेन्नेन-मोकु' म्हणजे अस्सल लाकूड. 'शोकुसेनकी-ताइओ' लिहिलेलं दिसलं तर डिशवॉशरला चालणारी. असल्या हाशी बहुतेक वेळा कृत्रिम रंगाच्याच असतात, आणि रोजच्या डब्याला त्या वाईट नाहीत. उगीच नाकं मुरडू नयेत.

उरुशीतही प्रकार पुष्कळ. फुकी-उरुशी म्हणजे लाकडावर उरुशी चोळून पुसून घेतलेली, रेषा दिसतात, खिशाला झेपते. वाकासात कवच आणि शिंपला बसवून वर थरावर थर चढवतात आणि मग घासून घासून खालची नक्षी वर काढतात, समुद्राच्या तळासारखी. आमच्या इशिकावातली वाजिमा-नुरी पक्केपणासाठी प्रसिद्ध, तिच्या अस्तरात भाजलेल्या मातीची पूड असते. १ जानेवारी २०२४ च्या नोतोच्या भूकंपात वाजिमातल्या कितीतरी कारागिरांची घरं-कारखाने गेले. म्हणून मी स्वतः हल्ली तिथलंच घेतो, हे आपलं माझं.

नागोयाहून त्सुरुगामार्गे ओबामाला जाता येतं. वाकासा-नुरीचं गाव तेच (हो, नाव तेच, २००८ च्या निवडणुकीत गावाने बराक ओबामांसाठी उत्सवच केला होता). तिथे हाशी स्वतः घासून नक्षी वर काढायलाही मिळते. सासू-सासऱ्यांना घेऊन जा, दिवस मजेत जाईल.

ओला काजू
वरच्या सल्ल्यात एक दुरुस्ती. सासऱ्यांना घासायला अजिबात बसवू नका! घासताना जी पूड उडते तिचा त्यांना त्रास होऊ शकतो.

तुमच्या ऑफिसातली बाई बरोबर बोलली. उरुशी हा झाडाचा चीक आहे, आणि ते झाड, बिब्बा, काजू, आंबा हे सगळे एकाच आम्रकुळातले. उरुशीतलं अंगावर उठवणारं द्रव्य म्हणजे उरुशिओल. बिब्ब्यात आणि काजूच्या टरफलाच्या तेलात त्याचीच भावंडं. त्यामुळे एकाने ज्याचं अंग उठतं त्याला दुसऱ्यानेही उठू शकतं. जपानी लोक याला 'उरुशी-काबुरे' म्हणतात, आणि नव्याने काम शिकणाऱ्यांना ते बहुतेक वेळा होतं.

सावंतवाडीची लाख वेगळी. ती किड्याची राळ, तिची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाने तापून वितळते आणि बसते. तिचा या कुळाशी काही संबंध नाही, म्हणून खेळण्यांनी काही झालं नाही.

आता घाबरून जाऊ नका. उरुशी पूर्ण घट्ट झाली की सहसा कुणाला काही होत नाही, कितीतरी लोक उरुशीच्या भांड्यांतून रोज जेवतात. गंमत म्हणजे ती वाळत नाही, हवेतला दमटपणा घेऊन घट्ट होते. साधारण २० ते ३० अंश आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता लागते, त्यासाठी कारागिरांकडे खास दमट कपाट असतं. म्हणजे आपल्याकडे ज्या हवेत पापड बिघडतात त्या हवेत उरुशी खूश! पण पुरती मुरायला महिने जातात, आणि ज्याचं अंग फार संवेदनशील आहे त्याला नव्या वस्तूने त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडे परीट कपड्यावर बिब्ब्याने खूण करायचे, ती सुकलेली खूणसुद्धा काहींच्या मानेवर उठायची. तोच प्रकार.

मी सासऱ्यांना उरुशी देणार नाही. हाशी ओठांना लागते, तिथे प्रयोग कशाला? आणि चिठ्ठीवर 'काश्यू' लिहिलेलं असेल तर तेही टाळा. तो रंग काजूच्या टरफलाच्या तेलापासून करतात, दिसतो हुबेहूब उरुशीसारखा आणि स्वस्तही असतो. त्यांच्यासाठी उरेतानची साधी लाकडी घ्या. उरुशीच द्यायचा हट्ट असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

रविवारची डबेवाली
लांबीचं मी सांगते. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायची, दोन्ही टोकांमधलं सरळ अंतर म्हणजे 'हितो-आता'. त्याच्या दीडपट हाशी. १५ सेंमी आलं तर साडेबावीस. वीत मोजू नका, ती करंगळीपर्यंत जाते. माझी आजी या मापाला टीच म्हणायची. दुकानात पुरुषांची २३ आणि बायकांची २१ अशी ढोबळ विभागणी असते, ती डोळे मिटून मानू नये. टोक बारीक हवं, पण नवशिक्यांना गुळगुळीत टोकातून नूडल सटकते, म्हणून 'सुबेरीदोमे' म्हणजे खरखरीत टोकाची बघा. अंग गोल नको, चौकोनी किंवा अष्टकोनी घ्या. टेबलावरून गडगडत नाही.

नव्या उरुशीला वास येतो. इथे जुन्या बायका ती चार-आठ दिवस तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवतात, वास जातो. जेवण झालं की लगेच मऊ स्पंजने धुवा, फडक्याने पुसा, सावलीत ठेवा. उन्हाने उरुशीची चकाकी मरते. हिवाळ्यात हीटरच्या झोतापासूनही लांब.

चौकस काकू
मग सासूबाईंना एकटीलाच नक्षीची? बघा हं, चाळीस वर्षांचा संसार आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत दुकानात जाऊन चिठ्ठ्या वाचल्या. मला सगळ्यात आवडलेली लाल-काळी जोडी 'काश्यू' निघाली! हातातली खाली ठेवली.

व्हिडिओ कॉलवर दोघांना बोटं पट्टीवर ताणायला लावली. सासरे साडेचौदा, सासूबाई सोळा. म्हणजे दुकानातला तयार मेओतो संच घेतला असता तर मापं बरोबर उलटी झाली असती. यावर सासूबाई इतक्या हसल्या की फोन हातातून पडला. त्यांना २४ सेंमीची वाकासा घेतली आहे, सासऱ्यांना पावणेबावीसच्या जवळची उरेतानची, चेरीच्या लाकडाची. अंग उठण्याचं कारण सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बिब्बा जपानातपण आहे? मग मी हातानेच जेवतो."

आजींची जोडी दुकानात दिली आहे. दोन-तीन महिने लागतील म्हणाले. आजींना अजून सांगायची हिंमत झालेली नाही. डिशवॉशरच्या दारावर 'हाशी नाही' अशी चिठ्ठी लावली, तर नवऱ्याने खाली लिहून ठेवलंय, "आमटीच्या पातेल्यावर पण लाव."