भाच्यासाठी मराठी महाभारत सुचवा, ५०० रुपयांच्या आत (सोलापूर)

बाळीवेसची_आत्या
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत भाचा माझ्याकडं आलाय, वय अकरा. मोबाईलवरचे छोटे व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की कर्ण हाच खरा हिरो, पांडव कपटी, आणि द्रौपदी दुर्योधनाला "आंधळ्याचा पोरगा आंधळा" म्हणाली म्हणून सगळं घडलं. परवा जेवताना म्हणाला, "आत्या, म्हणजे तिनं ते स्वतःच ओढवून घेतलं ना?" माझा घास हातातच राहिला.
रोज रात्री अर्धा तास वाचून दाखवता येईल असं मराठी महाभारत हवंय. अक्षर मोठं, किंमत ५०० च्या आत, नवी पेठेत हातात घेऊन बघता आलं तर बरं. एका बाजूला सगळे साधू आणि दुसऱ्या बाजूला सगळे राक्षस, असं लिहिलेलं नको.

होटगीरोड_निवृत्त
संपूर्ण अठरा पर्वांचा अनुवादित संच घ्या ताई. मी निवृत्तीनंतर साडेसहा हजाराला घेतला, दोन वेळा वाचून झाला. संक्षिप्त पुस्तकांत शांतिपर्व दहा पानांत उरकतात आणि भीष्मांनी बाणांच्या शय्येवरून जे सांगितलं तेच निसटतं. सुरुवात मात्र आदिपर्वापासूनच करा. मधूनच उचललं की मुलांचा गोंधळ होतो.

कडकभाकरी
ऑनलाइन मागवू नका एवढंच सांगते. मी मागवलं होतं. वर कृष्णार्जुनाच्या रथाचं सुंदर चित्र, आत अक्षर मुंगीएवढं, आणि द्रोणपर्वातली सोळा पानं उलटी बांधलेली. परत पाठवण्यात पंधरा दिवस गेले, वाहतुकीचे पैसेही मिळाले नाहीत. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला आणि पुढचं पान उलटं, मुलगी रडायला लागली होती.

मंगळवेढेकर
मृत्युंजय द्या. मी नववीत वाचली, अजून पानं डोळ्यांपुढं आहेत. सूतपुत्र म्हणून जन्मभर हिणवला गेलेला माणूस मित्रासाठी उभा राहतो, कवचकुंडलं कापून देतो. यापेक्षा मोठा आदर्श कुठला? तुमच्या भाच्याचं चुकलंय काय?

पोथी_आणि_पाठभेद
मंगळवेढेकर, मृत्युंजय १९६७ ची कादंबरी आहे. कादंबरी म्हणून जरूर वाचावी, पण मूळ महाभारत म्हणून मुलाच्या हातात देऊ नये. सभापर्वातला कर्ण बघा. द्रौपदीला भर सभेत वेश्या म्हणणारा तो, आणि तिची वस्त्रं काढा असं दुःशासनाला सांगणाराही तोच. रथाचं चाक रुतल्यावर त्याला धर्म आठवला, तेव्हा कृष्णानं याच सभेचा हिशेब मागितला.
आत्या, तुमच्या मुख्य मुद्द्याबद्दल. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती तयार केली. "आंधळ्याचा पोरगा" हे वाक्य त्यात द्रौपदीच्या तोंडी नाही. दुर्योधन मयसभेत पाण्यात पडतो तो प्रसंग प्रत्यक्ष वर्णिलाय तिथं भीम, अर्जुन, नकुल-सहदेव हसतात. द्रौपदी बायकांसह हसली, असं दुर्योधन नंतर बापाला सांगतो. भाच्याला हे नक्की सांगा. आणि ती हसली असती तरी पुढचं कृत्य माफ होत नाही.

मंगळवेढेकर
कर्णानं सभेत पाप केलं, मान्य. पण कुंती भेटायला आली तेव्हा "तुझे पाच मुलगे पाचच राहतील" असं वचन देऊन ते पाळलं कुणी? कृष्ण राज्य देत होता तरी दुर्योधनाला सोडलं नाही. एका दिवसाच्या पापावरून सगळा माणूस मोजायचा का?

पोथी_आणि_पाठभेद
नाही मोजायचा. आणि एका दानावरूनही नाही मोजायचा.

पूर्वभागातला
आमच्या घरी तेलुगू. आजोबा मागावर बसल्या बसल्या भारत सांगायचे. नन्नय्यानं अकराव्या शतकात तेलुगूत आणायला घेतलं, तिक्कन्नानं तेराव्यात बरंचसं केलं, एर्रन्नानं उरलेला भाग भरून काढला, असा तीन कवींचा धागा आहे तो. आजोबांचा लाडका होता विकर्ण. कौरवांतलाच एक. भीष्म-द्रोण मान खाली घालून बसले तेव्हा हा पोरगा उठला आणि म्हणाला, शिकार, दारू, जुगार आणि स्त्रियांची आसक्ती या चार व्यसनांत बुडालेल्या राजानं केलेलं कृत्य ग्राह्य धरू नये. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, द्रौपदी पाचांची पत्नी, म्हणून ती जिंकली गेलेली नाही. कर्णानं त्याला "तू पोर आहेस" म्हणून गप्प केलं. पुढं युद्धात त्याला भीमानंच मारलं, शंभरांच्या प्रतिज्ञेपायी, आणि मारल्यावर भीम हळहळला. हे सांगताना आजोबांचा धोटा थांबायचा.

अक्कलकोट_नाका
आमची आजी कन्नड. तिच्याकडून रन्नाच्या गदायुद्धातलं ऐकलंय. दहाव्या शतकातला कवी. सगळं संपल्यावर दुर्योधन एकटा रणांगणातून चालतो, प्रेतं ओलांडत. अभिमन्यूचं प्रेत दिसतं तेव्हा शत्रूच्या त्या पोराला तो हात जोडतो आणि तुझ्यासारखं मरण मला येवो म्हणतो. दुर्योधन वाईट आहेच, पण त्या क्षणी तो मोठा होतो. आपल्या सोलापुरात तीन भाषांत भारत ऐकायला मिळतं, पुस्तक कशाला शोधताय?

सांगोल्याचा
तीन भाषा निघाल्या तर आमच्या नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींना का विसरता? आपल्याच जिल्ह्यातले. रामविजय, हरिविजय आणि ६४ अध्यायांचा पांडवप्रताप त्यांचाच. आमच्या घरी श्रावणात अजून वाचतात. ओवी कानाला गोड, लहान मुलालाही ठेका कळतो.

कडकभाकरी
ऑनलाइन नको, पुन्हा सांगते. पानं मोजून घ्या.

बाळीवेसची_आत्या
सगळ्यांचे आभार. पण ५०० रुपयांचं कुणीच सांगितलं नाही की ओ.

होटगीरोड_निवृत्त
थोडे थोडे साठवून संचच घ्या. पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

विजापूरवेस
आधी रामायण. रावण मेल्यावर विभीषण अंत्यसंस्कार करायला तयार नसतो. राम त्याला सांगतो, वैर मरणापर्यंतच असतं, आता तो जसा तुझा तसा माझाही. माझ्या मुलाला मी हे सांगितलं, त्यानंतर त्यानं शाळेतल्या भांडणाचा डूख धरला नाही. पुस्तकासाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून बघा, विकत घेण्याआधी चाळता तरी येईल.

पोथी_आणि_पाठभेद
रामायण घेतलंत तर वालीला झाडाआडून मारल्याचा प्रसंग गाळू नका. वाली मरताना रामाला जाब विचारतो, तो जाब मुलांनी ऐकायलाच हवा.

बाळीवेसची_आत्या
मंडळी, पुस्तक घेतलंच नाही. काल रात्री गच्चीवर चटई टाकली आणि तोंडीच सुरुवात केली. आदिपर्वापासून करा म्हणालात, पण मी थेट शेवटाला हात घातला. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि समोर दुर्योधन सिंहासनावर बसलेला. भाचा ताडकन उठून बसला. मग अंधारी, घाण वाट, आणि तिथून येणारे आवाज: मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी. युधिष्ठिर देवदूताला म्हणतो, तू जा परत, मी यांच्याजवळच राहतो.
बराच वेळ तो बोलला नाही. मग विचारलं, "कर्ण आणि भीम एकाच ठिकाणी?" मी हो म्हणाले. ओढवून घेतल्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. झोपताना मी विकर्णाचं नाव घेतलं, तर म्हणाला हा व्हिडिओत कधीच नव्हता, उद्या त्याचंच सांग. तो सभेत नेमकं काय काय बोलला ते मला शब्द न शब्द हवंय.

होटगीरोड_निवृत्त
सभापर्वाचा खंड उद्या संध्याकाळी घेऊन येतो, सात रस्त्याला भेटा. वाचून झाला की परत करा. पानं दुमडू नका, खुणेला दोरा ठेवलाय.